पाणी शंभरलाच उकळतं

फेब्रुवारी लागला की माझ्या टेबलावर प्रयोगवह्यांचा ढीग येतो आणि माझं डोकं फिरतं. शिक्षकखोलीतल्या बाकीच्या बाया एकमेकींना खुणावतात, "बाईंचा सीझन सुरू झाला." झालाच म्हणा. खाकी कव्हर, वर नावाची चिठ्ठी, डाव्या पानावर पेन्सिलीची आकृती, उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्या, आणि निरीक्षण मात्र एकच. अक्षरं तेवढी वेगळी. काल एका वहीत वाचलं, 'हवामान: ढगाळ.' बाहेर बघितलं तर राहात्याच्या रस्त्यावर डोळे दिपतील असं ऊन. दुसरी वही उघडली, ढगाळ. तिसरी, ढगाळ. कुठल्या तरी वर्षी कुणीतरी बिचारीने खरंच ढग आलेल्या दिवशी प्रयोग केला असणार आणि इमानाने तसं लिहिलं असणार. तिची वही नंबरात आली, ती पुढच्या वर्गाने उतरवली, त्यांची त्याच्या पुढच्यांनी. तेव्हापासून आमच्या शाळेत दर फेब्रुवारीला ढग येतात.

मी काय करते? सही करते. लाल पेन, तारीख, सही, पुढची वही. कुणाला बोलत नाही, कुणाचे कान उपटत नाही. तोंडाने मी तिखट आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाईसुद्धा माझ्या टेबलाजवळून जरा लांबून जातात. पण प्रयोगवह्यांपुढे माझं तोंड बंद होतं. तो हक्क मी पंधरा वर्षांपूर्वी गमावून बसले आहे.

तेव्हा मी खर्ड्याच्या पुढे, बालाघाटाच्या पठारावरच्या एका गावात शिकवत होते. तिकडचा फेब्रुवारी वेगळा. इकडे राहात्यात पाटाचं पाणी, पेरूच्या बागा, हिरवंगार. तिकडे सगळं पिवळं. शाळूची काढणी चाललेली असायची, वारा सुटला की ज्वारीच्या पाचोळ्याची कुसळं खिडकीतून आत यायची आणि दिवसभर मानेला खाजत राहायचं. लिंबाची पानं गळून मैदानभर पसरलेली. वर्गात निम्मे बाक रिकामे, कारण पोरं काढणीला. गावातली निम्मी घरंही बंद, कारण मोठी माणसं ऊसतोडीला. दुपारच्या सुट्टीनंतर अशी शांतता व्हायची की लांबच्या शेतातला बायकांचा बोलण्याचा आवाज फळ्यापर्यंत ऐकू यायचा.

आणि प्रयोगशाळा! प्रयोगशाळा कसली, एक खोली आणि तीन कपाटं. कपाटांना कुलूप, किल्ली माझ्याकडे. साहित्य फुटलं तर जाब मला विचारणार, म्हणून साहित्य बाहेर काढायचंच नाही, असा माझा सरळ हिशोब. प्रयोग मी माझ्या टेबलावर करायची, पोरं भोवती टाचा उंचावून बघायची, मागच्यांना माझ्या पाठीखेरीज काही दिसायचं नाही. मग मी आदर्श वही काढायची. आमच्या शाळेत ती एक पूज्य वस्तू होती. जुन्या कुठल्या तरी पहिल्या आलेल्या मुलीची वही, ब्राऊन पेपर घातलेली. तिच्यातून मी निरीक्षणं सांगायची आणि मुलं उतरवून घ्यायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मीही अशीच शिकले होते, बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळवला होता.

सारिका त्या वर्षी दहावीत होती. ऊसतोडीवाल्या घरातली. सहावीपर्यंत दर दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जायची, कधी सांगलीकडे, कधी पार गुजरातेत, आणि उन्हाळ्यात परत यायची. शाळा अर्धीच. उरलेली अर्धी तिने पाचटावर बसून पुस्तकातून स्वतःची स्वतः केलेली. शेजारी सांगायला कुणी नाही, त्यामुळे पुस्तकात लिहिलेलं खरं आहे का, हे करून बघायची तिला खोड लागली होती. पुस्तकात 'करून पहा' असं चौकटीत छापलेलं असतं ना, ते ती खरोखर करून बघायची! वर्गातल्या बाकीच्या मुलांना, आणि खरं सांगायचं तर मलाही, ती चौकट वाचून सोडून द्यायची असते हे माहीत होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सातवीत तिने बापाशी भांडून गावात राहायचं ठरवलं. चुलतीकडे राहायची, पाणी भरायची, भाकऱ्या थापायची आणि शाळेत यायची. दहावीच्या वर्षी तिचा बाप फडावर जाण्याआधी मला भेटायला आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, "बाई, पोरगी म्हन्ती सायन्सला जायाचं जामखेडला. मला त्यातलं काई कळत न्हाई. तुमी म्हनाल तसं. तुमी हो म्हनलात तर मी लगनाचं दोन-चार साल बोलत न्हाई." मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अहो, ती नाही जाणार तर कोण जाणार? मी बघते तिचं." तो हात जोडून गेला. मी बघते म्हणाले होते. हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

त्या फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला दहा-बारा दिवस उरले असताना मी एकदा कपाट उघडलं, कारण दुसऱ्या शाळेतून परीक्षक येणार होते आणि पोरांनी निदान साहित्य हातात धरलेलं असावं, असं हेडसरांचं म्हणणं पडलं. गटागटाने पाणी उकळायला ठेवलं. स्पिरिटच्या दिव्यांचा वास, चंचुपात्रांचे आवाज, पोरांची चंगळ. वह्यांत निरीक्षण आधीच लिहून झालेलं होतं: पाण्याचा उत्कलनांक शंभर अंश. नुसता देखावा करायचा होता.

"बाई, अठ्ठ्यान्नव," सारिका म्हणाली.

"नीट बघ. डोळा पाऱ्याच्या समोर धर."

"धरलाय की."

"अजून उकळू दे मग."

"लई येळ उकळतंय बाई. आर्धं पानी आटलं. पर पारा वर सरकंना."

"थर्मामीटर बिघडला असेल. शंभर लिही आणि दिवा विझव."

तिने दिवा विझवला. शंभर मात्र लिहिलं नाही. आधीच शंभर न लिहिलेली त्या वर्गातली ती एकटीच वही होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती दारात उभी. "बाई, बाकीचं थर्मामीटर बघू का?" तिचं तोंड गप्प करावं म्हणून मी पेटीच दिली. सहा होते. पाचांवर अठ्ठ्याण्णव, सहाव्यावर जरा कमी. मी म्हणाले, "सगळे एका लॉटचे आहेत, सगळेच बिघडलेत." मला वाटलं, संपलं एकदाचं.

कुठलं संपतंय! बाजारच्या दिवशी ही बया कुल्फीवाल्याकडून स्टीलच्या डब्यात बर्फ घेऊन आली. ओढणीत डबा गुंडाळलेला, धावत आलेली, कपाळावर घाम. सहाही थर्मामीटर वितळत्या बर्फात उभे केले आणि मला हाताला धरून ओढत नेलं. "बघा बाई. पाच शून्यावर हायत. म्हंजी ते शाने हायत. ह्यो सहावा बर्फात जेवढा खाली, तेवढाच उकळत्या पान्यातबी खाली हुता. म्हंजी त्योबी खोटं बोलत न्हाई, निस्ता मागं हाय."

ती बोलतच राहिली. "मंग पानीच आपल्या हितं आधी उकळत आसंल का बाई? गुजरातच्या फडावर डाळ लवकर शिजायची. आई म्हन्ती तिथलं पानी येगळं. मला वाटतं पानी न्हाई, जागाच येगळी हाय. ते तिकडं खाली हाय, आपुन हितं वर हाव."

अरे देवा! पंधरा वर्षांची पोर, डाळीवरून इथपर्यंत आली होती. उंचावर हवेचा दाब कमी, दाब कमी तर पाणी आधी उकळणार. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. पण मी ज्या गावात पाच वर्षं राहत होते, ते पठारावर आहे आणि तिथलं पाणी माझ्या चुलीवरसुद्धा शंभरच्या आधी उकळतं, हा विचार माझ्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता. ती बोलत असतानाच मला सगळं कळलं. तिथल्या तिथे कळलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. लोकांना वाटतं, माणूस अज्ञानाने चुकतो. छे! मी चांगली जाणून चुकले.

तिला फक्त एवढं म्हणायचं होतं, "शाब्बास गं, बरोबर आहे तुझं." किती शब्द आहेत? पण ते म्हटलं असतं तर बाकीच्या सगळ्यांच्या वह्यांतलं शंभर खोटं ठरलं असतं, आणि ते मी सांगितलेलं होतं. मागच्या वर्षीच्या, त्याच्या मागच्या वर्षीच्या वह्यांवरही माझ्याच सह्या होत्या. परीक्षक तीन दिवसांवर आलेले. हेडसर आधीच म्हणत होते, "बाई, यंदा गडबड नको, निकाल चांगला लावायचाय." मी म्हणाले, "सारिका, परीक्षेला पुस्तकातलं लागतं. तुझी अक्कल नंतर पाजळ." अगदी हेच शब्द. तिचा चेहरा उतरला नाही. तिला वाटलं असावं, बाई परीक्षा झाल्यावर सांगतील. डबा उचलून, त्यातलं बर्फाचं पाणी लिंबाच्या बुंध्याला ओतून ती वर्गात गेली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. वयस्कर, सफारीतले, बरे गृहस्थ. चहा घेतला, वह्या चाळल्या, पोरांना एकेक करून पुढे बोलावलं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी. सारिकाची वही त्यांनी उघडली आणि बोट ठेवलं. "हे काय? पाणी किती अंशाला उकळतं?"

"आपल्या हितं अठ्ठ्यान्नवला, सर."

"आपल्या हितं म्हणजे? तुमच्यासाठी पाणी वेगळं आहे का?"

मागे पोरं हसली. ती बिचकली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. अगदी विश्वासाने बघितलं, की आता बाई सांगतील. परीक्षकांनीही माझ्याकडे बघितलं. "काय हो बाई, काय म्हणते ही?"

आणि मी म्हणाले, "सर, जरा कच्ची आहे. ऊसतोडीवाल्यांची मुलगी. सहा-सहा महिने शाळेतच नसते."

त्या वर्षी तिचा एक दिवसही चुकला नव्हता. हजेरीपट मीच भरत होते.

परीक्षक मान हलवून म्हणाले, "असं होय. बाळ, नीट आठव बघू. किती?" ते खरंच मायेने विचारत होते. तिने माझ्यावरची नजर काढून घेतली. मग तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते अशा स्वच्छ, पुस्तकी शब्दांत ती म्हणाली, "पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते, सर." त्यांनी पेन पुढे केलं. तिने अठ्ठ्याण्णववर काट मारली, वर शंभर लिहिलं. तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

नंतरच्या दिवसांत तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. एकदा मुद्दाम थांबवून म्हणाले, "काही शंका आहे का गं?" तर म्हणाली, "न्हाई बाई, समदं पाठ हाय." निकाल लागला, सारिका शाळेत पहिली आली. चौकात फ्लेक्स लागला, तिचा ओढणीतला फोटो, खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव. लोक माझं अभिनंदन करत होते आणि मी ते घेत होते. मग हेडसरांकडून कळलं, तिने अकरावीला आर्ट्सचा फॉर्म भरला. मी तिच्या चुलतीच्या घरी गेले, चांगली तडकले तिच्यावर. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मला सायन्समदलं कळत न्हाई बाई. तुमीच म्हनलात ना, कच्ची हाय." मी उंबऱ्यावरून मागे फिरले. तेव्हाही बोलता आलं असतं. पण घरात चुलती होती, शेजारीण होती. गप्प राहायला मला नेहमी कुणी ना कुणी निमित्त असायचं.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, असं ऐकलं. मी बदली मागून घेतली आणि इकडे आले.

गेल्या वर्षी आम्हाला नगरला प्रशिक्षणाला नेलं होतं. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलेलं. विषय: विज्ञानात स्वयंअध्ययन आणि चिकित्सक विचार. कॉलरला माईक लावलेला एक तरतरीत पोरगा सांगत होता, "मुलांना प्रश्न विचारू द्या. त्यांना स्वतः शोधू द्या. शिक्षकाने फक्त सोबत राहायचं." चांगलं बोलत होता हो, एक अक्षर चूक नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पडद्याचे फोटो काढले. शेवटी त्याने विचारलं, "काही शंका?" दीडशे मास्तर, एक हात वर नाही. मग मोबाईलवर फॉर्म भरायचा होता: 'तुमच्या वर्गात चिकित्सक विचार रुजवल्याचा एक अनुभव लिहा.' कुणीतरी पटकन उत्तर लिहून ग्रुपवर टाकलं आणि हॉलभर तेच उतरवणं सुरू झालं. बागेतली फुलपाखरं आणि त्यांचे रंग, असं काहीतरी होतं. मीही तेच उतरवलं. दुसरं काय लिहिणार होते?

आणि यंदा, ह्याच फेब्रुवारीत, वह्यांवर सह्या करत बसले होते तर पाचवीच्या वर्गशिक्षिका एका पालकाला घेऊन आल्या. "बाई, जरा तुम्ही समजावा. तुम्ही सीनियर आहात. ह्यांची ईश्वरी फार उलट बोलते." मागे हिरव्या साडीतली एक बाई, हाताला दोन वेण्यांची पोरगी. बाईने मला बघितलं आणि ओरडलीच, "आगं बाई! आमच्या बाई हायत ह्या!"

सारिका होती. शिर्डीला नवऱ्याचं प्रसादाचं दुकान, गल्ल्यावर ती बसते, मुलीला नुकतंच आमच्या शाळेत घातलेलं. अंगाने भरली होती, आवाज मोठा झाला होता. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. हातातलं पेन आधी खाली ठेवलं. तिने वाकून नमस्कार केला, वर्गशिक्षिकेला म्हणाली, "ह्यांच्यामुळं मी शाळेत पयली आले." टोमणा नव्हता त्यात. मनापासून म्हणाली.

मग तक्रार सांगायला लागली. सूर्य पूर्वेला उगवतो, असं बाईंनी लिहून दिलं होतं. पोरीने लिहिलं, रोज वेगळ्या जागी उगवतो. तिने म्हणे दिवाळीपासून गच्चीच्या कठड्यावर खडूने खुणा करून ठेवल्या होत्या, आणि खुणा आधी एका बाजूला सरकत गेल्या आणि आता परत फिरल्या. "समद्या पोरांनी पूर्व लिहिलं. हिलाच काय येगळं दिसतं?" सारिका मुलीचा दंड हलवत म्हणाली. "बाई, तुमी मला कसं येळेवर सरळ केलं, तसं हिलाबी करा. तुमच्याबिगर न्हाई व्हायचं."

पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. न घाबरता. मी तशी नजर आधी एकदा बघितली होती आणि तिचं काय केलं होतं तेही मला माहीत होतं. वर्गशिक्षिका उभी होती, दारात आणखी दोघी होत्या. असू देत, म्हटलं.

"सारिका," मी म्हणाले, "तिचं बरोबर आहे. सूर्य वर्षभर सरकतोच. आणि तुझंही बरोबर होतं. तिकडे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. परीक्षेच्या आधीच मला कळलं होतं."

तिचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग ओसरलं. तिने मुलीचा दंड सोडला. "कळलं हुतं?"

"हो."

"मंग तवा का न्हाई म्हनलात?"

पंधरा वर्षांनी तिने मला प्रश्न विचारला होता. मी म्हणाले, "भ्याले गं."

ती रडली नाही, चिडली नाही. मान हलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "भ्यालात तुमी, आन् सायन्स सोडलं मी." तिने पदर नीट केला, मुलीचं दप्तर उचललं, आणि सवयीने, नुसत्या सवयीने, म्हणाली, "चल ईश्वरी. बाईंच्या पाया पड."

पोरीने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "का?"